प्रॉक्सी मारणारी चिप

मित्र दांडी मारून गेला की त्याच्या नावाला आपण ‘हजर’ म्हणायचं, याला कॉलेजात प्रॉक्सी म्हणतात. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन या गेम कन्सोलमध्ये (जपान, डिसेंबर १९९४) वरून बसवली जाणारी छोटी चिप, म्हणजे मॉडचिप, नेमकं हेच काम करते. तिच्या फर्मवेअरच्या, म्हणजे तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या, जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या की मला एक गोष्ट फार आवडते: नवी आवृत्ती जुनीपेक्षा कमी बोलते.

आधी हजेरी कशी लागते ते पाहू. सीडीवरची माहिती एका लांबलचक सर्पिल वाटेवर असते. अस्सल प्लेस्टेशन डिस्कवर अगदी आतल्या भागात, लीड-इनमध्ये, ही वाट किंचित हेलकावत जाते. लेझर वाटेवरून घसरू नये म्हणून ड्राइव्ह त्याला सतत इकडेतिकडे सरकवत असतो, आणि त्या सरकण्यातूनच हेलकावे वाचले जातात. त्यांत चार अक्षरं दडलेली असतात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी रायटरला ही वाट हवी तशी हलवता येत नाही. त्यामुळे कॉपीत गेम उतरतो, अक्षरं उतरत नाहीत, आणि ती मिळाली नाहीत की कन्सोल गेम सुरू करत नाही. मॉडचिप डिस्कच्या वतीनं तीच अक्षरं कन्सोलला ऐकवते. चिप नसेल तर दुसऱ्या प्रदेशातून विकत आणलेली अस्सल डिस्कही अडते, कारण तिची अक्षरं वेगळी. (ही तपासणी कॉपी करणं थांबवत नाही, फक्त कॉपी चालणं थांबवते, हाच मुद्दा २००५ मध्ये मॉडचिपच्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, कळीचा ठरला आणि तेव्हाच्या कायद्यानुसार निकाल सोनीच्या विरोधात गेला.)

ही अक्षरं सेकंदाला फक्त २५० बिट इतक्या संथपणे येतात. एका बिटाला ४ मिलिसेकंद, एकूण ४४ बिट. म्हणजे हजेरी १७६ मिलिसेकंदांत संपते. इतकं सावकाश बोलायला आठ पायांची पिक१२सी५०८ ही चिप पुरली. तिच्यात ५१२ सूचनांची जागा आणि २५ बाइट रॅम. एवढ्याशा जागेत हे काम बसवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सुरुवातीचं फर्मवेअर मात्र भाबडं होतं. कन्सोल चालू झाला की ते ‘हजर, हजर’ म्हणत राही, तास संपेपर्यंत. गेम बनवणाऱ्यांनी याचाच सापळा केला. आलेली अक्षरं ड्राइव्हचा कंट्रोलर मोजून ठेवतो. लेझर डिस्कच्या मधल्या भागात असताना, जिथे हेलकावे नसतातच, गेम तो आकडा विचारू लागला. आकडा शून्य नसेल तर प्रॉक्सी पकडली गेली! मग पडद्यावर कन्सोलमध्ये फेरफार झाल्याचा इशारा येई आणि गेम थांबे.

उत्तर म्हणून ‘स्टेल्थ’ आवृत्त्या आल्या. चालू झाल्यावर ठरावीक वेळ बोलायचं, मग हाताची घडी, तोंडावर बोट. पण ही वेळ अंदाजानं ठरवलेली. लेझर म्हातारा झाला, डिस्क वाचायला अडखळू लागला की अंदाज चुकतो. शिवाय पिक१२सी५०८ मध्ये प्रोग्रॅम एकदाच लिहिता येतो, त्यामुळे जुनं फर्मवेअर बदलायचं तर चिपच उपसून काढावी लागते.

पीएसनी हे मुक्तस्रोत फर्मवेअर आर्डुइनो किंवा एटीटायनीसारख्या पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर चालतं. त्याच्या सातव्या आवृत्तीतली सुधारणा मला सगळ्यांत मोलाची वाटते: ही आवृत्ती आधी ऐकते. सीडीवर गाण्याचा किंवा गेमचा डेटा असतो, त्याच्या जोडीला ‘सबक्यू’ नावाचा एक बारीक प्रवाह असतो. साध्या वेगात सेकंदाला ७५ वेळा तो लेझर कुठे आहे ते सांगतो. पीएसनी तो प्रवाह वाचतं, लेझर लीड-इनमध्ये असल्याच्या खुणा मोजतं आणि पुरेशा जमल्यावरच तोंड उघडतं. प्लेस्टेशनच्या पीयू-२२ पासूनच्या नंतरच्या मुख्य बोर्डांवर ही अक्षरं एका घड्याळी संकेताच्या तालावर पाठवावी लागतात. आपण कोणत्या बोर्डावर आहोत तेही ते सुरुवातीलाच स्वतः ओळखतं.

दोन डिस्कच्या गेममध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. झाकण उघडून दुसरी डिस्क ठेवली की लेझर पुन्हा लीड-इनकडे जातो. चिपला सबक्यूमधून ते कळतं, ती चार अक्षरं म्हणते आणि परत गप्प होते.