चार उणे आणि बांगड्याची टोपली

दर ऑगस्टला मालवणच्या बंदरावर तीच चर्चा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली, नौका गेल्या, टोपल्या अर्ध्याच आल्या. दोषी कोण? एलईडीवाले (दिव्यांच्या झोतावर मासळी ओढणारे), पर्ससीनवाले (थव्याभोवती मोठं जाळं आवळणारे), परराज्यातले ट्रॉलर. एखादा म्हणतो, यंदा गाऱ्हाणं नीट घातलं नाही. हा शेवटचा सोडला तर बाकीच्यांचं थोडंथोडं खरं आहे. घोळ होतो तो एकालाच धरून ठेवण्यात.

मी लिलावाच्या चिठ्ठीची मागची बाजू घेतो आणि बाण काढतो. नियम सोपा. पहिली गोष्ट वाढली की दुसरीही वाढत असेल तर बाणावर अधिक, दुसरी घटत असेल तर उणे. म्हणजे दोन्हींची दिशा एकच असेल तर अधिक (दोन्ही घटल्या तरी), उलटी असेल तर उणे. मासळी घटली की नौकेचा फेरा लांबतो: उणे. फेरा लांबला की डिझेलचा खर्च वाढतो: अधिक. खर्च वाढला की तो भरून काढायला जाळ्याची आस, म्हणजे भोकांचं माप, बारीक होते: उणे. आस बारीक झाली की जास्त पिल्लं अडकतात: उणे. पिल्लं गेली की पुढच्या हंगामाची मासळी घटते: पुन्हा उणे. वर्तुळ पुरं झालं.

आता फक्त उणे मोजा. चार, म्हणजे सम. उणे गुणिले उणे अधिक, हे शाळेतलंच. सम उण्यांचं वर्तुळ घसरणीला आणखी ढकलतं, विषम उण्यांचं तिला सावरतं. सावरणारंही एक आहे: मासळी घटली, नफा घटला, नौका कमी सुटल्या, पकड घटली, मासळी वाढली. उणे एकच, पकड आणि मासळीमधलं. हा झाला ब्रेक. पण मासळी घटली की भाव चढतो, भाव चढला की नौका जास्त सुटतात. तिथे उणे दोन होतात आणि ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर येतो!

या रीतीचं मूळ १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांच्या कामात आहे. एका कारखान्यातली कामगारभरती सारखी वरखाली का होते, ते त्यांनी कागद-पेन्सिलीने मांडलं. कारण बाजारात नव्हतं, भरतीच्या स्वतःच्याच नियमांत होतं. रंगीत फुगे काढून 'माइंड मॅप' शिकवणाऱ्या महागड्या शिबिरांत ही चिन्हं क्वचितच दिसतात. चिन्हांशिवाय ती नुसती रांगोळी.

माझी चिठ्ठी एका तांडेलांनी (नौकेच्या प्रमुखांनी) उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "सगळा बरा. पण कर्जाचो हप्तो खंय आसा ह्येच्यात?"

तो बाण मी काढलाच नव्हता. हप्ता डोक्यावर असला की नौका तोट्यातही सोडावी लागते, आणि माझा ब्रेक नेमका 'नफा घटला, नौका कमी सुटल्या' याच बाणावर तुटतो.