काढ्यात घशाला नेमकं काय लागू पडतं?

जून लागला, खानापूर-कणकुंबीकडून पाऊस आला की बेळगावात घसे धरू लागतात. रविवार पेठेतून सुंठ, मिरी, ज्येष्ठमध येतं, परसातला गवती चहा तुटतो. कन्नड शेजाऱ्यांकडे धणे-जिऱ्याचा कषाय उकळतो, आपल्याकडे काढा. घसा बहुतेक वेळा विषाणूमुळे दुखतो आणि आठवडाभरात आपणहून बरा होतो. काढ्याने तो लवकर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. पहिल्या घोटाला बरं वाटतं, ते मात्र खरंच.

2008 साली ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या 30 जणांवर एक प्रयोग झाला. फळांच्या रसाचं एकच पेय, कधी गरम तर कधी खोलीच्या तापमानाचं. गरम न केलेल्या पेयानेही खोकला आणि शिंका कमी झाल्या. पण घशाची दुखी, कणकण आणि थकवा हलका झाला तो गरम पेयानेच. त्यात वनौषधी एकही नव्हती! तेव्हा काढ्याचं बरंचसं श्रेय आधी गरम पाण्याला द्यायला हवं.

बाकीचं श्रेय वाटायचं तर पहिला मान सुंठेचा. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं, आणि ते जास्त तिखट असतं. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संवेदना टिपणारा रेणू असतो. साधारण 43 अंशांना तो जागा होतो. सुंठ, मिरी, मिरचीही त्यालाच डिवचतात. म्हणून काढा कोमट झाला तरी घशात ऊब जाणवते, लाळ सुटते आणि कोरडा पडलेला घसा ओला होतो. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

पुराव्याच्या बाबतीत ज्येष्ठमध सर्वांत पुढे. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, त्याने नंतर घसा दुखतो. आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केलेल्या रुग्णांना हा त्रास कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं. पण रोज, भरपूर पोटात गेलं तर त्यातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी गुळण्यांवरच भागवावं.

अडुळसा कफासाठी. ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध त्याच्यातल्याच व्हॅसिसिनवरून बेतलेलं आहे. नुसता घसा खवखवत असेल तर अडुळशाचा कडूपणा कशाला सोसायचा? दहा-पंधरा जिन्नस एका पातेल्यात कोंबायची हौस मला तरी पटत नाही.

सुंठ, ज्येष्ठमध दहा मिनिटं उकळू द्यावं. गवती चहा आणि तुळस गॅस बंद करून टाकावी आणि झाकण ठेवावं, नाहीतर त्यांची सुगंधी तेलं वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातात. गूळ किंवा मध शेवटी. वर्षाआतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको. आणि चटका बसेल असं पिऊ नये: 65 अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये जाहीर केलं.

ताप चढलेला, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत गाठी असतील, तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तिथे काढ्यावर दिवस घालवू नयेत. निपाणीकडे तंबाखूत वावरणाऱ्यांनी, खाणाऱ्यांनी आणि ओढणाऱ्यांनी तर तीन आठवडे आवाज बसलेला राहिला, की घसा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा.