चेतापेशींचे संपर्कस्थान

चेतापेशी आपला संदेश दुसऱ्या चेतापेशीकडे, स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे जिथे सोपवते, ती जागा म्हणजे संपर्कस्थान किंवा सिनॅप्स. हा शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्यामुळे १८९७ पासून वापरात आला.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात होडीतून नुकतेच उतरवलेले माकूल (स्क्विड) टोपलीत निपचित पडलेले असते, तरी त्याच्या अंगावर तांबूस ठिपके उमटत-विरत राहतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची पिशवी. तिच्या भोवतीच्या स्नायूंना चेतातंतू थेट येऊन मिळतात. त्यांच्या टोकातून ग्लुटामेट हे रसायन सुटले की स्नायू आखडतात आणि पिशवी ताणली जाऊन पसरते. रसायनाने संदेश पोचवणाऱ्या, म्हणजे रासायनिक, संपर्कस्थानाचे काम उघड्या डोळ्यांना इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

या संपर्कस्थानात दोन पेशींमध्ये २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. विद्युत आवेग अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूच्या, टोकाशी आला की कॅल्शियम आत शिरते, रसायनाने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पेशीच्या पटलाला मिळून फटीत रिकाम्या होतात आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राही प्रथिने ते रसायन पकडतात. माकुलातील एक संपर्कस्थान एवढे मोठे असते की फटीच्या दोन्ही बाजूंना विद्युताग्रे (इलेक्ट्रोड) घालता येतात. बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्दो मिलेदी या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात कॅल्शियमची ही भूमिका त्यावरच तपासली.

संपर्कस्थानाचा दुसरा प्रकार विद्युत. त्यात अंतर जेमतेम ३ नॅनोमीटर. प्रथिनांच्या नळ्यांतून आयन (विद्युतभारित कण) सरळ पलीकडे जातात, म्हणून विलंब जवळपास नसतो. फर्शपॅन आणि पॉटर या शास्त्रज्ञांनी ते १९५९ मध्ये क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्यात दाखवले. रासायनिक मार्गाला अर्धा-एक मिलिसेकंद जास्त लागतो. पण संदेश वाढवणे, दाबणे, अनुभवानुसार बदलणे त्यालाच अधिक साधते. तो उशीर सोसण्याजोगाच आहे.

रासायनिक संपर्कस्थानाची ही फट विषाचेही लक्ष्य ठरते. नागाचे विष स्नायूवरील ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे ग्राही अडवते. तिथे निओस्टिग्मीन हे औषध उपयोगी पडू शकते. मण्यारीच्या विषातील एक घटक मात्र चेतातंतूची टोकेच निकामी करतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास मंदावतो. प्रतिविष लगेच द्यावे लागते, कारण आधीच बिघडलेली टोके ते दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत रोग्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते, कधी कित्येक दिवस.