पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी: किल्ली फिरवण्याआधी हे वाचा

आमच्या सर्व ग्राहकांना नमस्कार.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली आणि सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथल्या पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्यांतल्या बऱ्याच गाड्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपला आल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्हाला तेच प्रश्न विचारले जातात आणि बहुतेक क्लेम एकाच कारणानं अडतात. म्हणून हे पत्रक छापून घेतलं आहे. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पॉलिसीबरोबर ठेवा. पत्रकाचा फोटो मोबाइलमध्येही असू द्या, कारण कप्पाही बुडतो.

स्टार्ट मारू नका

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. गाडीच्या चाकांच्या वर पाणी चढून गेलं असेल, तर ती स्टार्ट करून बघू नका. बटण दाबू नका, इग्निशन ऑन करू नका, धक्का मारून चालू करायचा प्रयत्न करू नका. गाडी वरून कोरडी ठणठणीत दिसत असली, दोन दिवस उन्हात उभी असली, तरीही नाही.

२०२१ मध्ये आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर घरच्यांनी गाडी धुतली, मॅट वाळवल्या, दारं उघडी ठेवून दोन दिवस ऊन दिलं. त्यांनी आम्हाला फोन केला, आम्ही क्रेन पाठवतो म्हणालो. तेवढ्यात मुलानं "क्रेनचे पैसे कशाला घालवायचे, मीच चालवत नेतो" म्हणून बटण दाबलं. एकदा खाडकन आवाज आला आणि इंजिन जाम. इंजिन खोललं तेव्हा एका सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलेला होता. तो रॉड आजही आमच्या काउंटरवर ठेवलेला आहे. आलात की हातात घेऊन बघा.

असं का होतं, तेही समजून घ्या. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून शिरलेलं पाणी सिलिंडरमध्ये थोडं जरी साठलं असलं आणि स्टार्टरनं इंजिन फिरवलं, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडतो. मग इंजिन पूर्ण उतरवण्याशिवाय इलाज राहत नाही.

आणि इथंच क्लेम अडकतो. बंद, उभ्या गाडीत पाणी शिरल्यानं रॉड वाकत नाही. वाकलेला रॉड म्हणजे पाणी आत असताना इंजिन फिरलं, हे सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनी नेमते त्या माणसाला, पहिल्या नजरेत कळतं. साध्या पूर्ण विम्यात पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरल्यानंतर गाडी स्टार्ट केल्यामुळं झालेलं इंजिनचं नुकसान 'पुरामुळं' न धरता 'नंतरच्या कृतीमुळं' झालेलं धरतात आणि ते वगळतात. म्हणजे सीट, कार्पेट, वायरिंग यांचे पैसे येतात आणि सगळ्यांत मोठं बिल तुमच्यावर पडतं. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर घेतलं असेल तर हा खर्च मिळू शकतो. पण पाणी शिरल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्ट मारू नये, ही अट बऱ्याच कंपन्या त्यातही घालतात.

याउलट, जी गाडी कुणी हात न लावता आमच्यापर्यंत आली, तिचं काम किती सोपं असतं बघा. आम्ही आधी ऑइलची कांडी बाहेर काढतो. तिच्यावरचं ऑइल दुधाळ, चहासारखं झालेलं दिसलं की पाणी आत गेलेलं आहे हे नक्की. मग स्पार्क प्लग किंवा डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर काढायचे, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर सोडायचं, ऑइल आणि फिल्टर बदलून फ्लशिंग करायचं. वेळेत केलं तर बहुतेक वेळा इंजिन वाचतं आणि या कामाचं बिल क्लेममध्ये बसतं.

मग करायचं काय?

आधी फोटो. गाडी धुण्याआधी, जिथं उभी आहे तिथंच, चारही बाजूंनी आणि आतून. दाराच्या आतल्या पॅडवर आणि सीटवर गाळाची रेघ उमटलेली असते. पाणी कुठपर्यंत होतं याचा तोच पुरावा, आणि सर्व्हेअर सगळ्यांत आधी तीच रेघ बघतो. फरशीपर्यंत पाणी, सीटपर्यंत पाणी आणि डॅशबोर्डपर्यंत पाणी यांत खर्चाचा जमीनअस्मानाचा फरक आहे. हौसेनं धुऊन ती रेघ पुसू नका. नंबरप्लेट आणि शेजारची ओळखीची इमारत दिसेल असा एक फोटो असला तर उत्तम.

मग गाडी रिमोटऐवजी साध्या किल्लीनं उघडा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. जमत नसेल तर राहू द्या, आमचा माणूस येऊन सोडवेल. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर मात्र बॉनेटखाली कशालाही हात लावू नका. नारिंगी वायरी दिसल्या की लांबच राहा. चार्जर तर अजिबात जोडू नका.

त्यानंतर विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा ॲपवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. एजंट भला माणूस असतो, पण पुराच्या दिवसांत त्याचाही फोन बंद असतो. तारीख तुमच्या क्लेम नंबरची धरली जाते. तलाठी पंचनामा करून गेले म्हणून निर्धास्त राहू नका. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी, विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा.

आणि गाडी ओढून आणायची झाली तर टोचन लावून नको. ऑटोमॅटिक गाडीची चाकं फिरवत आणली तर गिअरबॉक्स जातो, आणि पाण्यात बसलेल्या गाडीचे ब्रेक चिकटलेले असतात. सपाट ट्रॉलीवर चढवून आणायची. बऱ्याच पॉलिसींमध्ये टोइंगची काही रक्कम मिळते, पावती जपा.

सर्व्हेअर येईपर्यंत आम्ही गाडी का उघडत नाही

"गाडी तुमच्या दारात चार दिवस उभी आहे आणि तुम्ही नट पण फिरवला नाही," हे आम्हाला फार ऐकावं लागतं. तुमची घाई आम्हाला समजते. पुरानंतर अख्ख्या शहराला एकाच वेळी सर्व्हेअर हवा असतो. नियमानं क्लेम कळवल्यापासून २४ तासांत कंपनीनं सर्व्हेअर नेमायचा आहे, पण नेमणूक झाली आणि माणूस दारात आला यात अंतर राहतं.

तरी आम्ही हात लावत नाही, ते तुमच्याच पैशांसाठी. सर्व्हेअरनं बघण्याआधी पार्ट काढला की तो पुरानं खराब झाला की आधीच खराब होता, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तोपर्यंत गाडी आडोशाला ठेवणं, दारं उघडून वारा देणं, आतलं पाणी उपसून बाहेर काढणं एवढं आम्ही करतो आणि करण्याआधी फोटो घेतो. ऑइल काढायची तातडी असेल तर सर्व्हेअरला फोन करून, त्याची परवानगी लेखी घेऊनच काढतो. काही ठिकाणी गाडी आली की लगेच खोलतात आणि ग्राहक खूश होतो. बिल मंजूर व्हायची वेळ आली की तोच ग्राहक आमच्याकडे सल्ला विचारायला येतो.

दुसरी गोष्ट थोडी स्पष्ट लिहितो. मागच्या वर्षीचा बंपरचा ओरखडा, मागच्या दाराचा पोचा "याच क्लेममध्ये बसवून टाका" असा आग्रह होतो. आम्ही बसवत नाही. पुराचं पाणी पोचा पाडत नाही, हे सर्व्हेअरलाही कळतं. एक खोटी ओळ सापडली की तो खऱ्या ओळींकडेही संशयानं बघतो.

कॅशलेस म्हणजे शून्य खर्च नव्हे

डिलिव्हरीच्या दिवशी वाद होतो तो यावरून. कॅशलेसमध्ये कंपनी तिच्या वाट्याचे पैसे थेट आम्हाला देते, तुमचा वाटा तुम्ही भरायचा असतो. त्यात आधी सक्तीची वजावट येते: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये, त्यावर २,०००. मग घसारा, म्हणजे पार्ट वापरून जुना झाला म्हणून कापली जाणारी रक्कम. रबर, प्लास्टिक, नायलॉनचे पार्ट, टायर आणि बॅटरी यांना वय काहीही असो, ५० टक्के घसारा लागतो. दाराच्या आतल्या प्लास्टिक पॅडचं बिल समजा ८,००० झालं, तर त्यातले ४,००० तुमचे. काचेला घसारा नाही. लोखंडी पार्टना गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो, पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. झिरो डेप नावाचं जादा कव्हर असेल तर यातला बहुतेक घसारा वाचतो. ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांना कन्झ्युमेबल म्हणतात, त्यांचं कव्हर वेगळं असतं.

म्हणूनच आम्ही काम सुरू करण्याआधी एस्टिमेटवर तुमचा अंदाजे वाटा वेगळ्या रकान्यात लिहून सही घेतो. सही तुम्हाला बांधून ठेवण्यासाठी नाही, आकडा आधी कळावा म्हणून आहे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. आयडीव्ही ४ लाख असेल तर ही रेषा ३ लाखांना येते. डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या जुन्या गाड्यांचं बहुधा हेच होतं. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियम कमी व्हावा म्हणून काही जण आयडीव्ही खाली आणतात. त्याची किंमत इथं मोजावी लागते.

लहान नुकसान असेल तर क्लेम करायचाच असं नाही. क्लेम न केलेल्या वर्षांची सूट २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि नो क्लेम बोनस जपणारं कव्हर नसेल तर एका क्लेमनं शून्यावर येते. फक्त फरशी ओली झाली असेल तर आधी हिशेब करून बघू. क्लेम करू नका असा सल्ला दिल्यानं आमचं कामही कधी लहान होतं, पण तो ग्राहक परत आमच्याकडेच येतो.

फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच, विमा असेल तर पुरात गाडीसाठी काहीच मिळत नाही. जुनी गाडी म्हणून पूर्ण विमा सोडून देणाऱ्यांनी घर पूररेषेच्या जवळ असेल तर पुन्हा विचार करावा.

घराबद्दल थोडंसं

हा आमचा धंदा नाही, पण पार्किंग बुडतं तेव्हा तळमजलाही बुडतो आणि लोक आम्हालाच विचारतात. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पूर येतो. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेचा भाव त्यात धरायचा नसतो. गृहकर्ज असलेल्यांनी बँकेत चौकशी करावी, पॉलिसी आधीच काढलेली असण्याची शक्यता असते. क्लेमची रीत गाडीसारखीच आहे: फ्रिज, गादी, वॉशिंग मशीन सर्व्हेअरनं बघण्याआधी कोंडाळ्यात टाकू नका. टाकणं भागच असेल तर मॉडेल नंबरच्या पट्टीसकट फोटो काढा.

क्लेम नाकारला तर

कारण लेखी मागा. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. त्यानंतरही समाधान झालं नाही तर पुण्याला विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्या, आमच्याकडचे फोटो आणि एस्टिमेट आम्ही देतो.

मृग लागण्याआधी पॉलिसीची प्रत घेऊन एकदा वर्कशॉपला या. इंजिन प्रोटेक्ट आहे का, झिरो डेप आहे का, मुदत कधी संपते, हे आम्ही वाचून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. विमा कुठल्याही एजंटकडून घ्या, आम्ही विमा विकत नाही. त्याच वेळी बॅटरी, वायपर आणि दारांची रबरं बघून घेऊ. आणि नदी ३९ फुटांकडे निघाली की वाट बघू नका, गाडी आदल्या दिवशीच उंचावर हलवा. आमच्या नियमित ग्राहकांसाठी त्या दिवसांत आवारात जागा ठेवलेली असते. फक्त येण्याआधी फोन करा आणि किल्ली ऑफिसात देऊन पावती घ्या.