माइकची सूं कुठून येते?

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती रंगतात आणि रात्री मंडपात नाटक सुरू होतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात माइक रंगमंचावर वरून टांगलेले असतात. नट माइकपासून चार हात लांब, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे. म्हणून मशीनचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा, आवाज चढवावा लागतो. मग नट हुंदका आवरून क्षणभर गप्प होतो, तेव्हा भोंग्यातून सूंऽऽ ऐकू येते. प्रसंगाचा जीवच जातो. यात बऱ्याचदा आतल्या रेझिस्टरांचा, म्हणजे करंटला अडवणाऱ्या छोट्या भागांचा, हात असतो.

कुठलाही रेझिस्टर स्वतःहून थोडा आवाज करतोच. उष्णतेमुळे त्यातले इलेक्ट्रॉन सतत अस्ताव्यस्त हलतात आणि दोन टोकांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ते मोजलं, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे शोधनिबंध 1928 साली आले. उष्णता म्हटलं की आपल्याला चंद्रपूरचा मे आठवणार! पण गणितात तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजतात. डिसेंबरच्या रात्रीचे 12 अंश आणि उन्हाळ्यातले 45 अंश, यांत या आवाजाचा फरक जेमतेम साडेपाच टक्के. कानाला तो कळत नाही.

खरा फरक पडतो ओहमच्या आकड्याने, म्हणजे करंटला किती विरोध होतो त्याने. 200 ओहमचा साधा डायनॅमिक माइक ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सुमारे पाव मायक्रोव्होल्ट आवाज करतो. त्याच्या वाटेत कोणी 10 किलोओहमचा रेझिस्टर घातला, तर त्या एकट्याचाच आवाज 1.8 मायक्रोव्होल्ट, म्हणजे सातपट! लांबून बोलणाऱ्या नटाचा सिग्नल मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो. मशीन तो टप्प्याटप्प्याने हजारो पट वाढवतं, आणि सोबत ही सूंही तेवढीच वाढते. पुढच्या टप्प्यांत सिग्नल मोठा झालेला असतो, तिथे असल्या आवाजाला कोणी विचारत नाही. म्हणून मशीनमधले सगळे रेझिस्टर बदलत बसणं मला व्यर्थ वाटतं. पहिला टप्पा नीट करावा.

तिथे रेझिस्टर कशाचा बनलाय हेही बघावं लागतं. जुन्या मशीनमधले तपकिरी, गोळीसारखे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर म्हणजे पोत्यातल्या ज्वारीसारखे एकमेकांना टेकलेले कार्बनचे कण. डीसी, म्हणजे एकाच दिशेने जाणारा, करंट वाहताना त्या टेकलेल्या जागांमध्ये सतत बारीक चढउतार होतात आणि उष्णतेच्या आवाजात आणखी भर पडते. शिवाय ते ओल धरतात, वर्षांनुवर्षांत त्यांचा आकडा सरकतो. कार्बनच्या पातळ थराचे कार्बन फिल्म यापेक्षा बरे, धातूच्या थराचे मेटल फिल्म त्याहून शांत. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायाला जो रेझिस्टर असतो, त्यातून डीसी वाहत असतो. तो आधी बदलावा. पाच रंगीत पट्ट्यांचा, बहुधा निळा, एक टक्क्याचा (आकडा फार तर एक टक्का चुकणारा) मेटल फिल्म रुपया-दोन रुपयांत मिळतो. त्याच आकड्याचा कितीही महागडा रेझिस्टर आणला तरी उष्णतेचा आवाज तेवढाच राहणार. यात पैसे घालू नका.

सूं वेगळी आणि घूं वेगळी. मंडपात माइकची लांब वायर जनरेटरच्या नि लाइटच्या वायरींना लागून जाते आणि 50 हर्ट्झची घूं पकडते. बॅलन्स्ड वायरीत माइकचा सिग्नल दोन तारांतून उलटसुलट जातो, पण ही घूं दोन्ही तारांत सारखीच शिरते, मशीन एकीतून दुसरी वजा करतं आणि ती जाते. ही वजाबाकी साध्या सर्किटमध्ये चार रेझिस्टर करतात. ते पाच टक्क्यांचे असले तर वाईटात वाईट जुळणीत घूं फक्त दहापट कमी होते. एक टक्क्याचे असले तर निदान पन्नासपट. एकाच टेपला चिकटून येणारे दहा-वीस घेऊन मल्टिमीटरने जुळणारे चार निवडले, तर त्याहूनही छान. हा उद्योग चहा पिता पिता होतो आणि सगळ्यात मोठा फायदा मी इथेच पाहिलाय.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर मात्र त्या व्हॉल्यूमच्या कार्बन पट्टीची: धूळ बसते, पट्टी झिजते. तो भागच बदलावा.

मशीन उघडण्याआधी एक करून बघा. माइकचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. सूं गेली, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे माइकच्या टप्प्यात आहे. तशीच राहिली, तर व्हॉल्यूमच्या पुढचं सर्किट तपासा. माइककडचे रेझिस्टर बदलून ती जाणार नाही.