दिवस राहण्याआधीचं खाणं

फॉलिक ॲसिडची गोळी बहुतेकजणी पाळी चुकल्यावर सुरू करतात. तोवर उशीर होत आलेला असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो, ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी किमान महिनाभर आधी सुरू करावी आणि बारावा आठवडा संपेपर्यंत घ्यावी. आधीच्या बाळात या नळीचा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डोस डॉक्टरच ठरवतील. तो दसपट असू शकतो. पालेभाज्या, डाळी खाव्यातच, पण त्यांच्यातलं फोलेट (फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप) उकळताना पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. त्यामुळे भाजी वाफवलेली बरी, गोळी मात्र चुकवायची नाही. मांस, अंडी, दूध टाळणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. नुसत्या फॉलिक ॲसिडने त्याची कमतरता झाकली जाते.

आता पुरुषांचं. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत सुमारे तीन महिने जातात. त्यामुळे पंधरा दिवस पथ्य पाळून रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. सिगारेट बंद, दारू शक्यतो बंद, तळणाऐवजी मासे, अक्रोड, फळं, कडधान्यं. 'शुक्राणूवर्धक' गोळ्यांबद्दल आम्ही साशंक आहोत: अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊनही बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढलं नाही, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर उलटच काम करतात. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात.

पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज नियमित न सुटण्याचा त्रास) आणि जास्त वजन असेल, तर ५ ते १० टक्के वजन उतरल्यावरही अनेकींचं बीज पुन्हा नियमित सुटू लागतं. ८० किलोंवर ते ४ ते ८ किलो होतात. उपाशी राहून मात्र नको. ऊर्जा फार कमी पडली की मेंदू पाळीच बंद करतो. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे साधारण दोन कप कॉफी.

बंद गर्भनलिका खाण्याने उघडत नाही. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असून सहा महिने गेले, तर दोघांच्याही तपासण्या कराव्यात. त्यात वीर्यतपासणी पहिली. ती सर्वांत सोपी, तरी हमखास मागे ठेवली जाते.