जुन्या गिऱ्हाइकाची वही आणि बाजारातली छत्री

विदर्भातल्या आठवडी बाजारात भाजीपाल्याच्या ओळी संपतात तिथे, बहुधा एसटी स्टँडच्या फाटकाजवळ, एखाद्या मोबाइल कंपनीची रंगीत छत्री उभी असते. छत्रीखालच्या पोराच्या हातात बोटाचा ठसा घेणारे लहानसे यंत्र असते आणि तोंडी एकच पालुपद असते, की पोर्ट करा (म्हणजे क्रमांक तोच ठेवून आमच्या कंपनीत या), पहिला रिचार्ज आमच्याकडून. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका छत्रीपुढे एका वयस्क शेतकऱ्याने बटनांचा फोन खिशातून काढून विचारले, ‘‘माह्यावालं कार्ड तुमचंच हाये, बारा वर्षाचं. मंग मले काऊन नाही भेटत हे?’’ पोराने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘काका, तुम्ही तं आमचेच हाय. दुसऱ्यात जा, तीन महिन्यानं वापस या, मंग भेटते.’’ त्यात चेष्टा नव्हती. एकदा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेला की पुढचे ९० दिवस तो पुन्हा हलवता येत नाही, हा नियमच त्याने आपल्या भाषेत सांगितला होता.

नव्या ग्राहकाला सवलत आणि जुन्याला पूर्ण दर ही रीत आज अंगवळणी पडली असली, तरी गावच्या व्यापाराची मूळ रीत याच्या उलट होती. किराणा दुकानात किंवा कृषी केंद्रात नवख्या माणसाला माल रोखीनेच मिळे. वही उघडली जाई ती दोन-चार हंगाम ओळख मुरल्यावर. मृगाच्या तोंडावर बियाणे आणि खत न्यायचे आणि कापूस, सोयाबीन घरात आले की हिशेब चुकता करायचा, ही मुभा जुन्या गिऱ्हाइकाचीच होती. अर्थात हा मान फुकटचा नव्हता. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असे, कोणते वाण न्यायचे हे पुष्कळदा दुकानदारच ठरवी, आणि ज्याच्याकडे बाकी त्याच्याच ओळखीच्या अडत्याकडे माल घालण्याचा संकोच शेतकऱ्याच्या मानेवर असे. म्हणजे बांधलेल्या गिऱ्हाइकाकडून चार पैसे जास्त काढण्याची कला मोबाइल कंपन्यांनी शोधलेली नाही. फरक इतकाच, की त्या जादा पैशांच्या बदल्यात त्याला काहीतरी मिळत होते, आणि ते म्हणजे दुकानदाराचे थांबणे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, तेव्हा कित्येक वह्यांतली बाकी पुढच्या सालात ओढली गेली. नव्या पद्धतीत जुना ग्राहक जास्त देतो आणि त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. वैधता संपली की सेवा तुटते.

या बदलाची सुरुवात शोधायची तर देशातल्या मोबाइल सेवेच्या आरंभापाशी जावे लागते. ही सेवा १९९५ साली सुरू झाली, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत फोन गावोगाव पसरला. २००५ च्या अखेरीपासून ‘लाइफटाइम’ कार्डांची लाट आली. एकदाच ठोक रक्कम भरायची आणि पुढे रिचार्ज केला नाही तरी येणारे फोन चालू राहायचे, असा त्या कार्डांचा वायदा होता. ज्याला महिन्याकाठी दोन फोन करायचे आणि दहा यायचे, अशा खेड्यातल्या माणसासाठी ही सोय नेमकी होती.

त्या काळात ग्राहकाला बांधून ठेवणारा दोर म्हणजे त्याचा क्रमांक. कार्ड बदलले की क्रमांक बदले, आणि मग व्यापारी, सोयरे, मुंबई-पुण्याला गेलेला मुलगा या सगळ्यांना नवा क्रमांक कळवत बसावे लागे. हा दोर कापण्यासाठी क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आणली गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये ती हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवायचा, येणारा आठ अक्षरांचा संकेतांक घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे, एवढेच काम उरले.

ग्राहकाच्या हिताची म्हणून आलेली ही सोय हिताची होतीच. पण तिचा एक परिणाम असा झाला, की कंपन्यांचा पैसा आणि कल्पकता दुसऱ्याचा ग्राहक ओढून आणण्यावर लागली. जो हलू शकतो त्याची किंमत वाढली. जो हलणार नाही, अशी कंपनीची खात्री झाली, त्याच्यावर खर्च करण्याचे कारण उरले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सहा महिन्यांहून अधिक काळ फुकट सेवा देत बाजारात पाऊल टाकले, तेव्हा हे गणित टोकाला गेले. पुढे नोव्हेंबर २०१८ च्या सुमारास एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या कंपन्यांनी कार्ड चालू ठेवायचे तर २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज हवा, असे धोरण आणले. येणाऱ्या फोनसाठीच कार्ड बाळगणाऱ्यांवर त्याचा भार पडला, आणि त्यांत जुने लाइफटाइमवाले पुष्कळ होते. ‘लाइफटाइम’ नेमके कोणाचे, हा विनोद तेव्हा गावात बराच चालला.

दरात भेदभाव नसावा, हा नियम मात्र कागदावर जुनाच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, १९९९ च्या दर आदेशात एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करण्यास मनाई होती. वाद होता तो ‘वर्ग’ कशाला म्हणायचे याचा. सोडून जाऊ पाहणाऱ्या ग्राहकाला फोन करून, जाहीर दरपत्रकात नसलेली खास सवलत देण्याची पद्धत तोवर रुजली होती, आणि कंपन्यांच्या मते अशा सवलती हा त्यांचा व्यापारी हक्क होता. ट्रायने फेब्रुवारी २०१८ च्या आदेशाने त्यांची माहिती मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दूरसंचार लवादाने तो आदेश बाजूला सारला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती ट्रायला द्यावी, ती गोपनीय राहील, असे सांगितले. या सगळ्या खटल्याचा विषय जाणाऱ्याला मिळणारी सवलत हा होता. राहणाऱ्याला ती का नाही, हा प्रश्न त्यात कोणी विचारलाच नाही, असे कागदपत्रांचा रोख पाहता वाटते.

डिसेंबर २०२१ मधला ट्रायचा आणखी एक निर्देश खेड्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. कमी किमतीच्या कित्येक रिचार्जमध्ये संदेश पाठवण्याची सोयच नसे, त्यामुळे तसा रिचार्ज मारलेल्या माणसाला १९०० वर संदेश पाठवून कंपनी सोडताही येत नव्हते. जवळ पैसा कमी असणाऱ्यालाच दार बंद, असा हा प्रकार होता. रिचार्ज कितीही लहान असला तरी पोर्टचा संदेश जाऊ दिलाच पाहिजे, असे त्या निर्देशाने बजावले.

बँकांच्या कर्जातही हेच घडले, फक्त त्याला वेळ जास्त लागला. तालुक्याच्या गावी घर बांधलेल्या शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला याचा अनुभव असतो. पाटीवर नव्या कर्जाचा दर उतरलेला दिसतो आणि आपला हप्ता जिथल्या तिथे असतो. जुलै २०१० पासून आधार दर (‘बेस रेट’, म्हणजे बँकेचा किमान दर), एप्रिल २०१६ पासून निधीच्या सीमांत खर्चावर, म्हणजे बँकेला नव्याने पैसा उभारायला पडणाऱ्या खर्चावर, बेतलेला दर आणि ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेले व्याज, अशा तीन पद्धती रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांच्या आत आणल्या, त्यामागे धोरणदरातली कपात जुन्या कर्जदारापर्यंत नीट पोहोचत नाही हे एक मोठे कारण होते. तरीही पद्धत बदलली की जुने कर्ज आपोआप नव्या पद्धतीत जात नाही. अर्ज करावा लागतो आणि बहुधा शुल्कही भरावे लागते. जो बँकेत जाऊन विचारतो त्याचा दर उतरतो.

विलायतेत हा प्रश्न विम्याच्या बाबतीत थेट हाताळला गेला. दरवर्षी मुकाट्याने नूतनीकरण करणाऱ्याचा हप्ता थोडाथोडा चढवत नेण्याच्या पद्धतीविरुद्ध तिथल्या ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये तक्रार केली. १ जानेवारी २०२२ पासून घर आणि वाहन विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावण्यास वित्तीय नियामकाने बंदी घातली. आपल्याकडे आरोग्य विम्यात २०११ पासून कंपनी बदलण्याची मुभा आहे. उपाय पुन्हा निघून जाण्याचाच.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही, कारण कर्जमाफीने तो त्याला आधीच शिकवला आहे. तिथे कंपनी नाही, सरकार आहे, तरी सल जुळता आहे. २०१७ च्या योजनेत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजारांचे प्रोत्साहन होते. २०१९ च्या योजनेत हेच आकडे दोन लाख आणि ५० हजार झाले. वेळेवर भरणारे तेव्हा पारावर जे बोलत होते, तेच छत्रीपुढचे काका बोलले.

ते काका पोर्ट करून गेले की नाही, हे पाहायला मी थांबलो नाही. पण निदान त्यांना जायला दुसरी कंपनी होती. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या भागात आणि गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडकडे आजही अशी गावे आहेत, जिथे लागले तर एकाच कंपनीचे नेटवर्क लागते, तेही टेकाडावर चढून फोन उंच धरल्यावर. अशाच गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये बीएसएनएलमार्फत देशातल्या २४,६८० गावांत ४ जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली. त्या एका टॉवरखालच्या माणसाला पोर्टचा नियम आहे, १९०० हा क्रमांक आहे, संदेश पाठवण्याचा हक्कही आहे. तिथे छत्री घेऊन कोणी येत नाही.